सुराचा शेजार

संगीताविषयीं मराठींत जें लिहिलें जातें त्यांत एक आरोप इतक्या वेळां व इतक्या निःशंकपणें केलेला आढळतो कीं, त्याची उलटतपासणी करावी असें कोणास सुचतच नाहीं. तो आरोप असा कीं, बाजाच्या पेटीनें आमच्या लोकांचे कान बिघडविले. पेटीचे सूर मुळांतच बेसूर. ते ऐकत वाढलेला श्रोता बेसुरासच सूर समजूं लागतो. आणि असे श्रोते जेथें बहुसंख्य तेथें खऱ्या गाण्यास थारा मिळत नाहीं, अशी ही त्रिपदी आहे. शहरांतल्या बैठकींत हा आरोप गमतीनें शेजारच्या पेटीवाल्यावर होतो; परंतु त्याचा खरा रोख असतो तो खेड्यावर. गवयाचे चार षड्ज आणि आठ गंधार ओळखणारा रसिक एकीकडे, आणि रात्रभर पेटीवरचें नाट्यगीत ऐकून पहाटे तृप्त होऊन घरीं जाणारा शेतकरी दुसरीकडे, असें चित्र उभें केलें कीं पहिल्याचा कान सुसंस्कृत व दुसऱ्याचा आडदांड हें सिद्ध झालेंच म्हणून समजतात. आमच्या मतें या समजुतींत एक मूलभूत घोटाळा आहे, आणि तो घोटाळा खेड्यांतल्या श्रोत्याचा नसून सूर मोजणाऱ्या पंडितांचा आहे.

ज्या प्रदेशावर हा आरोप सर्वांत सहज बसेल असें वाटतें, तेथूनच सुरुवात करूं. लाखांदूर हें भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्याचें गांव. चुलबंद नदी याच तालुक्यांत वैनगंगेस मिळते. आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतलें वडसा, म्हणजे झाडीपट्टींतील नाटकमंडळ्यांची राजधानीच. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या कीं दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि थंडीच्या रात्रीं उघड्या बांधींत मांडव घालून नाटकें चालतात. हा हंगाम होळीपर्यंत पुरतो. श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां पुणे-मुंबईच्या पुष्कळ सुशिक्षितांस या रंगभूमीचें नांव प्रथमच ऐकूं आलें, हें त्या सुशिक्षितांविषयीं पुरेसें बोलकें आहे. रंगमंचापुढें वादक बसतात: ऑर्गन किंवा पेटी, तबला, ढोलकी, आणि अलीकडे विजेचा कीबोर्ड व पॅड. नट गातो, नटी गाते, आणि त्यांस सुरांत धरून ठेवण्याचें काम पेटीवाला करतो.

परंतु या श्रोत्याच्या कानांत पेटीच तेवढी आहे अशी कल्पना करून घेणें चुकीचें होईल. दंडार आणि खडी गंमत हे नाटकाहून जुने खेळ या मुलखांत आहेत. शाहिरीच्या तुणतुण्याची एकच तार तासन्‌तास एकच सूर बोलत असते. भजनांत टाळांचा झणत्कार असतो, वीणा असते. लग्नांत सनई असते. यांपैकीं एकही वाद्य पेटीच्या पट्ट्यांशीं बांधलेलें नाहीं. तुणतुण्याची तार बारा स्वरांचें सप्तक शिकवीत नाहीं. ती एवढेंच शिकविते कीं, घर कोठें आहे. आणि सुराचें सर्व शास्त्र, आमच्या समजुतीप्रमाणें, या एका प्रश्नापासून सुरू होतें.

पेटीवरील आरोपास शास्त्राचा पोशाख ज्यांनीं चढविला त्यांत कै. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचें स्थान पहिलें. सरकारी नोकरींतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थानें हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति यांवर १९१० सालीं इंग्रजींत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्यासारख्या असामान्य गळ्याचा गायक समोर असतां, त्यानें गाइलेला स्वर तारेच्या लांबीवर पकडावा, आणि त्या लांबीवरून त्याचें गुणोत्तर काढावें, अशी ही पद्धति. तींतून बावीस श्रुतींचीं बावीस ठाम स्थानें निघालीं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश क्लेमंट्स यांनीं १९१३ सालीं आपल्या पुस्तकानें या मतास बळकटी दिली, आणि विलायतेंत बावीस श्रुतींची पेटीही बनवून घेण्यांत आली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत हा वाद विद्वानांपुढें आला. परंतु त्या पेटीस परिषदेची मान्यता मिळाली नाहीं. पं. भातखंडे हे श्रुतींचीं स्थानें अशा रीतीनें गणितांत कायमचीं डांबून ठेवण्यास राजी नव्हते.

देवलांच्या परिश्रमाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. आमच्याकडे संगीतावर लिहिणें म्हणजे संस्कृत ग्रंथांतील श्लोक एकापुढें एक मांडणें असा प्रकार चालू असतां, त्यांनीं तार ताणली, कान लावला आणि मोजलें. हें धैर्य लहान नव्हे. पण मोजमापाची हौस एकदां लागली कीं मनुष्य जें मोजतां येतें त्यालाच वस्तु समजूं लागतो. देवलांचें गृहीतक असें कीं, राग गातांना गायकाच्या गळ्यांत जो गंधार असतो तोच गंधार, रागांतून उचलून तारेवर एकटा ठेवला तरी, तसाच राहतो. एखाद्या शब्दाचा अर्थ वाक्याबाहेर काढून कोशांत लिहावा तशी ही गोष्ट आहे. कोश उपयोगी असतो. पण कोशांतला अर्थ आणि वाक्यांतला अर्थ यांत जी तफावत पडते ती बोलणाराची चूक म्हणून कोणी नोंदवीत नाहीं.

नवल असें कीं, ज्या भरताच्या नांवानें हा सर्व खटाटोप झाला, त्याची स्वतःची रीत याहून अगदीं वेगळी होती. नाट्यशास्त्रांत दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही सारख्या जुळवायच्या. एक तशीच ठेवायची, आणि दुसरीचा पंचम किंचित् उतरवून तीस मध्यमग्रामाची करायची. हा जो उतार कानास कळतो ती प्रमाणश्रुति. भरत येथें एकही आंकडा देत नाहीं. स्थिर वीणा शेजारीं वाजत असल्याखेरीज उतरलेल्या वीणेस अर्थच नाहीं, हें त्याच्या प्रयोगाचें मर्म आहे. श्रुति ही त्याच्या लेखीं वस्तु नसून दोन वस्तूंतील अंतर आहे, आणि तें अंतर कळण्यास दोन्ही वस्तु एकदम कानांत असाव्या लागतात.

हें सर्व शास्त्रार्थाच्या भाषेंत बोलण्यापेक्षां, ज्या पेटीस आपण आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे तिलाच साक्षीस बोलावूं. तिच्या पांच काळ्या पट्ट्या घ्याव्या. पांढरीस हात लावूं नये. काळी तीन हा षड्ज धरून या पांच पट्ट्यांवर बोट फिरविलें कीं भूप उमटतो. आतां त्याच पट्ट्या, पण षड्ज काळी एक, दुर्गा झाला. काळी दोन षड्ज केली कीं धानी. काळी चार केली कीं मध्यमादि सारंगाचे स्वर. आणि काळी पांच केली कीं मालकंस. रीड तींच, भात्याचा वारा तोच, एकाही सुराची उंची केंसभर हललेली नाहीं. तरी भूपाचा प्रसन्न पसारा कोणीकडे आणि मालकंसाचा गंभीर अंधार कोणीकडे! ज्यास गाण्याचें अक्षर येत नाहीं असा मनुष्यही, षड्ज नीट ठसवून दिला तर, हे दोन प्रकार एक म्हणणार नाहीं.

आतां याच प्रयोगावर पंडितांचा आरोप तपासून पाहूं. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पेटीवरील प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून बरोबर १०० सेंटांवर असते. तंबोऱ्याशीं जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर, आणि पेटीचा ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. कोमल गंधार ३१६ वर हवा, पेटींत तो ३०० वर. म्हणजे १६ सेंट उतरलेला. पंचम मात्र ७०२ च्या ठिकाणीं ७००. एवढा फरक कोणाच्या कानास जाणवावा! हे आंकडे बरोबर आहेत, आणि पेटीचे विरोधक ते नेहमीं पुढें करतात. पण काळी एक ही पट्टी पहा. भूपांत ती पंचम आहे, आणि पंचम म्हणून जवळजवळ निर्दोष आहे. मालकंसांत तीच पट्टी कोमल गंधार होते, आणि एकाएकीं सोळा सेंटांची गुन्हेगार ठरते. काळी पांच भूपांत चढा गंधार म्हणून सदोष. मालकंसांत तीच षड्ज, आणि षड्ज तर व्याख्येनेंच शुद्ध. मग बेसूरपणा रीडमध्यें आहे म्हणावें काय? पितळेच्या त्या पातीस आपण कोणत्या रागांत आहों याची खबरही नसते. दोष असलाच तर तो दोन सुरांच्या शेजारांत आहे, आणि तो शेजार बदलला कीं दोषही बदलतो.

मारवा हा या दृष्टीनें फार उद्‌बोधक राग आहे. त्यांत षड्ज जाणूनबुजून टाळतात. गायक कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आधारानें हिंडतो. आतां षड्ज वगळून उरलेले पांच स्वर धैवतास षड्ज मानून मोजले तर काय निघतें? नेमका भूप. म्हणजे मारवा ऐकणाराचा कान क्षणोक्षणीं दोन घरांच्या ओढींत असतो: तंबोरा सांगतो कीं घर येथें आहे, आणि गायक धैवतावर बिऱ्हाड थाटून बसलेला असतो. सायंकाळची ती हुरहुर, जिच्याविषयीं आमचे रसिक इतकें लिहितात, ती पुष्कळ अंशीं या ओढींतून आलेली आहे. मग अशा रागांत कोमल रिषभाचें शुद्ध स्थान कोणतें? तंबोऱ्याच्या षड्जाशीं त्याचा जो निकटचा मेळ आहे त्याप्रमाणें तो ११२ सेंटांवर असावा. पण धैवताचा गंधार म्हणून धैवताशीं जुळवावा तर तो ७० वर उतरेल. बेचाळीस सेंटांचा हा फरक पेटीच्या कोणत्याही दोषाच्या जवळजवळ तिप्पट आहे. देवलांच्या पद्धतीनें येथें एक आंकडा लिहून मोकळें होतां येईल. गायकास तसें मोकळें होतां येत नाहीं. तो ज्या क्षणीं ज्या शेजाऱ्याशीं बोलत असतो, त्या क्षणीं त्याच्याकडे झुकतो.

तंबोरा या सर्व व्यवहारांत काय करतो, याचा विचार आमच्या टीकाकारांनीं फारसा केलेला नाहीं. मिरजेचा कारागीर घोडीवर जवारी काढतो आणि वादक तारेखालीं सुताचा तुकडा सरकवून ती उघडतो, तेव्हां तारेंतून एक सूर न निघतां सुरांचा पदर निघतो. या घोडीच्या रचनेमुळें तारेचें कंपन सामान्य नियमांस जुमानीत नाहीं, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालींच दाखविलें होतें. षड्जाच्या तारेचा पांचवा उपस्वर म्हणजेच स्वयंभू गंधार; पंचमाच्या तारेचा पांचवा म्हणजे निषाद. तेव्हां चार तारांचा तंबोरा हा नुसता आधार नसून एक अदृश्य आंखणी आहे. पहिली तार पंचमावरून मध्यमावर नेली कीं आंखणी बदलते. निषादावर नेली कीं पुन्हा बदलते. गायकाचा तोच स्वर नव्या आंखणींत नव्या ठिकाणीं बसल्यासारखा वाटतो. तंबोरा काढून घेऊन गायकाचा एकेक स्वर यंत्रावर मोजणें म्हणजे पाटी पुसून अक्षराच्या रेषा सरळ आहेत कीं नाहींत हें पाहण्यासारखें आहे.

पुढें जेव्हां यंत्रें चांगलीं झालीं, तेव्हां देवलांच्या गृहीतकाची शंका खरीच ठरली. नझीर जयरझभॉय आणि स्टोन यांनीं १९६३ सालीं हिंदुस्थानी वादकांच्या व गायकांच्या ध्वनिमुद्रिका मोजल्या, तेव्हां एकाच रागांतला एकच स्वर कलावंतागणिक बदलतो, इतकेंच नव्हे तर एकाच मैफिलींत एकाच कलावंताकडून तो बदलतो, असें आढळून आलें. ठाम श्रुति अशा थोरांच्या गळ्यांतही सांपडेनात! आणि श्रोत्यांस ते स्वर बेसूर वाटले नव्हते. बर्न्स आणि वॉर्ड यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचें अर्धें उत्तर आहे: शिकलेल्या संगीतज्ञास दोन सुरांतील अंतर थोडथोडें वाढवीत ऐकविलें, तर त्यास तें हळूहळू वाढल्यासारखें वाटत नाहीं, कांहीं वेळ एकच स्वर ऐकूं येत राहतो, आणि सीमा ओलांडली कीं एकदम पुढचा. कान मोजपट्टीसारखा नसून घरांच्या ओळीसारखा आहे. उंबऱ्याच्या आंत कोठेंही उभें राहिलें तरी मनुष्य घरांतच असतो. आणि घरें बांधून कोण देतो? कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रुमहान्सल यांनीं १९८४ सालीं हिंदी व पाश्चात्त्य श्रोत्यांस राग ऐकवून मग एकेक स्वर वाजविला, आणि तो येथें कितपत शोभतो असें विचारलें. रागांत कोणता स्वर किती वेळ वाजला हें दोन्ही गटांच्या कानांनीं टिपलें होतें. परकीयासही भोंवतालच्या सुरांवरून घर ओळखतां येतें. मात्र त्या रागाच्या मागें उभ्या असलेल्या थाटाची चाहूल हिंदी श्रोत्यांसच लागली. हा दुसरा संस्कार कोणत्या शाळेंत मिळतो? तो भजनांत मिळतो, पाळण्याच्या गाण्यांत मिळतो, तुणतुण्याच्या तारेवर मिळतो. लाखांदूरच्या मांडवांत बसलेल्या माणसास या बाबतींत पुण्याच्या माणसाहून उणें मानण्यास आम्हांस एकही कारण दिसत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, असें असेल तर सूर आणि बेसूर हा भेदच उरला नाहीं. ज्यास जें रुचेल तें शुद्ध. असा निष्कर्ष आम्ही मुळींच काढीत नाहीं. शेजाराचे नियम आहेत, आणि कांहीं प्रसंगीं ते फार कडक आहेत. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं तर शुद्ध गंधाराचीं ३०० होतात, आणि पेटीच्या गंधाराचीं सुमारें ३०२.४. फरक क्षुल्लक दिसतो. पण षड्जाचा पांचवा उपस्वर १२०० आणि पेटीच्या गंधाराचा चौथा सुमारें १२१० यांची टक्कर होऊन सेकंदास नऊ-दहा लाटा उठतात. यमनाच्या विलंबित आलापांत गायक गंधारावर चार-पांच सेकंद स्थिरावला, तंबोरे झंकारत आहेत, आणि पेटीवाल्यानें भाता भरून तोच गंधार दाबून धरला, तर त्या लाटा ऐकूं येतात आणि आलापाची शांति मोडते. हा दोष खरा आहे. दरबारीचा आंदोलित गंधार, भैरवाचा डुलता रिषभ, मींड, या गोष्टी पेटीस येत नाहींत, हेंही खरें आहे. पण नाट्यगीताच्या मध्य लयींत एकेक स्वर सेकंदाचा पांचवा हिस्सा टिकतो. तेवढ्या अवधींत लाटा होतात दोन, आणि त्या कानानें ओळखण्यापूर्वींच पुढचा स्वर आलेला असतो. शिवाय गाणारा गळा पुढें आणि पेटी त्याच्या मागें असते. कान गळ्यास प्रमाण मानतो आणि पेटीस त्याची सावली. सावली चार बोटें तिरकी पडली म्हणून माणूस वांकडा आहे असें कोणी म्हणत नाहीं. ज्या टीकाकारास विलंबित आलाप आणि नाटकांतलें पद यांतला हा भेद करतां येत नाहीं, त्याचा कान सूक्ष्म आहे हें आम्ही मान्य करूं, परंतु तो ऐकतो आहे हें मान्य करणार नाहीं.

उघड्या बांधीवरील थंडीचाही हिशेब या चौदा सेंटांच्या वादांत कोणी घेतल्याचें दिसत नाहीं. हवेचें उष्णमान एक अंश सेल्सिअसनें उतरलें कीं फुंकून वाजविण्याच्या नळीवाद्याचा सूर सुमारें तीन सेंटांनीं उतरतो. रात्रीच्या नवापासून पहाटेच्या चारपर्यंत हवा दहा अंशांनीं गारठली, तर वादकाच्या उष्ण श्वासानें कितीही सांवरलें तरी बासरी-सनईस जो उतार पडूं पाहतो तो सगळ्या गंधार-प्रकरणाहून मोठा असतो. दंवानें ढोलकीची पुडी सैल पडते, आणि डफ तर शेकोटीवर शेकल्याखेरीज बोलतच नाहीं. शेकून आणलेला डफ चढा बोलतो, अर्ध्या तासानें उतरतो, पुन्हा शेकतात. श्रोते हें सर्व ऐकतात आणि त्यांस त्यांत कांहींही गैर वाटत नाहीं. परंतु गाणाऱ्या नटीनें अंतऱ्यावरून परत येतांना षड्ज निसटूं दिला, तर त्याच मांडवांत कुजबूज होते. ज्या कानास डफाचा उतार चालतो आणि षड्जाची चूक चालत नाहीं, तो कान बिघडलेला नव्हे. काय महत्त्वाचें आणि काय नाहीं याचा निवाडा करणारा तो कान आहे.

हा निवाडा न करतां शुद्धतेचा आग्रह धरला म्हणजे काय होतें याचें उदाहरण आमच्या देशाच्या इतिहासांत आहे. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानें १९३८ सालीं रेडिओच्या नियतकालिकांत पेटीविरुद्ध लेख लिहिला, आणि १९४० च्या मार्च महिन्यापासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीस बंदी झाली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही पेटीस विरोधच होता. पुढें देश स्वतंत्र झाला तरी ती बंदी टिकली. सैल पडूं लागली ती १९७० नंतर. तीस वर्षें जें वाद्य प्रत्येक कीर्तनांत, प्रत्येक शाळेंत, प्रत्येक नाटकमंडळींत वाजत होतें, त्यास सरकारी ध्वनिक्षेपकापुढें बसण्याची मनाई होती. ज्यांचें पोट पेटीवर होतें त्यांचें उत्पन्न गेलें तें गेलेंच. पण त्यांहून वाईट म्हणजे, आपण करतों तें हलकें आहे ही भावना त्यांच्या मनांत कायमची रुजली. बाल गंधर्वांच्या गाण्यामागें सारंगीबरोबर ऑर्गनही असे, आणि त्या ऑर्गनच्या सहवासांत त्यांचा गळा बेसूर झाला असें म्हणण्याचें धाडस कोणीही केलें नाहीं. परंतु तोच ऑर्गन झाडीपट्टींत दिसला कीं तो मागासलेपणाचें चिन्ह ठरतो.

झाडीपट्टीच्या संगीतास आज जर कांहीं धोका असेल, तर आमच्या मतें तो दुसऱ्याच बाजूनें येत आहे, आणि शुद्धतावादी त्याच्याकडे पाहतही नाहींत. तो धोका कीबोर्डावरच्या कॉर्डांचा. पेटीवाला डाव्या हातानें भाता ओढतो आणि उजव्यानें गाणाऱ्याच्या मागोमाग जातो. षड्ज बहुधा दाबलेला असतो. कीबोर्डवाल्यास भाता नाहीं, म्हणून डावा हात मोकळा. आणि मोकळा हात तीन-तीन पट्ट्या एकदम दाबूं लागतो. भीमपलासाचें पद चाललें आहे. त्याखालीं एकदां षड्जावरचा कॉर्ड, एकदां मध्यमावरचा, एकदां कोमल निषादावरचा. मध्यमावरचा कॉर्ड वाजत असतांना गायकाचा षड्ज हा षड्ज राहत नाहीं. कान त्यास मध्यमाचा पंचम म्हणून ऐकतो. कोमल निषादावरचा कॉर्ड आला कीं तोच षड्ज रिषभासारखा अधांतरीं लोंबकळूं लागतो. गायकानें सूर बदललेला नाहीं, कीबोर्डही पेटीच्याच सेंटांवर जुळविलेला आहे, यंत्रावर मोजलें तर दोष शून्य. परंतु घर दर चार मात्रांनीं दुसरीकडे हलविलें जात आहे; आणि ज्या कानास तुणतुण्यानें एकच घर ओळखण्यास शिकविलें, त्यास राग हा पदार्थच सांपडेनासा होतो. चित्रपटाच्या गाण्यांत हें सहज खपतें, कारण तेथें तशीच रचना केलेली असते. जुन्या पदांखालीं तें घातलें म्हणजे पद आंतून पोकळ होतें. बेसूर न होतां संगीत नष्ट कसें करावें याची ही रीत आहे.

पेटी सुधारण्याचे जे प्रयत्न झाले त्यांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. मूळचे नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनीं पेटीस संवादिनी हें नांव दिलें आणि ती एका षड्जास अनुसरून, तंबोऱ्याच्या गंधाराशीं मेळ घालून जुळविली. स्वतंत्र वादनाची त्यांची संवादिनी ऐकलेल्यास ती गोडी निराळी सांगावी लागत नाहीं. मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी नव्या युक्तीनें सिद्ध केली. बैठकीसाठीं आणि एकट्या वादकासाठीं हे प्रयत्न मोलाचे आहेत. परंतु एका षड्जावर शुद्ध जुळविलेल्या पेटीचा षड्ज हलविला कीं तिचे बाकीचे सूर समान जुळणीच्या पेटीहून अधिक वांकडे पडतात. आणि झाडीपट्टीच्या एका रात्रींत षड्ज हलत नाहीं असा प्रवेशच नसतो. नायक काळी एकमध्यें गातो. नायिका काळी चारवर. विनोदी नटाचा गळा बसलेला, म्हणून त्यास पांढरी सात. मध्येंच एखादा म्हातारा नट जुन्या संवयीनें पांढरी पांचवर पद सुरू करतो आणि कोणास विचारीत नाहीं. पेटीवाला पहिला स्वर ऐकतो, एक पट्टी दाबून पाहतो, आणि दुसऱ्या ओळीस त्याच्या बरोबर असतो. ही चपळाई त्यास शक्य होते ती सर्व पट्ट्या सारख्याच थोड्या थोड्या अशुद्ध आहेत म्हणून. आठ तासांच्या नाटकांत सहा गळे आणि सहा घरें संभाळणाऱ्या त्या माणसापुढें, एकाच घरांत निर्दोष असलेलें वाद्य ठेवून पाहावें. पहिल्या अंकाच्या मध्यासच तो आपली जुनी पेटी मागवून घेईल.